लाटेवर वळायचं असेल तर…

भाचीबाई,

गोव्यात आश्वेच्या किनाऱ्यावर तू सर्फिंगच्या बोर्डावर उभी राहिलीस तो व्हिडिओ तुझ्या आईने अमरावतीपासून अकोल्यापर्यंत सगळ्यांना पाठवला. उभी छान आहेस. पण जातेस नाकासमोर, थेट वाळूत, आणि वाळू लागली की उतरून हसतेस. आता तुला लाटेच्या अंगावर वळायचं आहे असं ताई म्हणाली, आणि शिकवणाऱ्याने चारदा सांगूनही बोर्ड वळत नाही म्हणून रुसली आहेस असंही म्हणाली.

मी मंगळूरच्या बंदरात नोकरीला होतो तेव्हा मला हा नाद लागला. वर मुल्कीला, शांभवी नदीच्या मुखाजवळ, जॅक हेबनर या अमेरिकन साधूने काढलेला आश्रम आहे. लोक त्यांना सर्फिंग स्वामी म्हणायचे. २००४ पासून तिथे भजनही चालतं आणि लाटेवर चढायलाही शिकवतात. आपली माणसं विचारायची, वऱ्हाडातल्या माणसाचं समुद्रात काय काम? अरे बाप्पा, आपण खारपाणपट्ट्यातले. खारं पाणी आपल्या विहिरीतच होतं, फक्त त्याला लाट नव्हती.

तर ऐक. बोर्ड पायाने वळत नाही. तो आधी डोळ्याने वळतो, मग खांद्याने, मग कमरेने, पाय सगळ्यात शेवटी. खालचं बाकी सारं त्याची तयारी आहे. एकदा पाण्यात उतरलीस की यातली एकच गोष्ट डोक्यात ठेवजो, दोन नको.

१. आल्या आल्या पाण्यात उडी घेऊ नको, पंधरा-वीस मिनिटं वाळूवर बसून पाह्यजो – लाटा घोळक्याने येतात, मध्ये थोडी शांतता असते, आणि कुठली लाट कुठून फुटत जाते ते काठावरूनच कळतं. आधी पाहावं, मग वाहावं.

२. लाट उजवी की डावी हे बोर्डावरच्या माणसाच्या बाजूने ठरतं, काठावरच्याच्या नाही – आई वाळूवरून हात करून उजवीकडे जा म्हणाली तर ती तुला डावीकडे पाठवते आहे.

३. तिथी पाहायची सवय लावजो. कोकणातले लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, म्हणजे चतुर्थीला साधारण तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता – अदमास येतो, नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यातून घ्यायची. संकष्टीचा चंद्रोदय तुझ्या आजीला पाठ असतो, तुला एवढं जमायला हरकत नाही.

४. पूर्ण भरतीला बऱ्याच किनाऱ्यांवर लाट अगदी काठाशी येऊन फुटते, म्हणून तिथल्या शिकवणाऱ्याला विचारजो की या जागेला कुठलं पाणी चांगलं – वळायला लाटेची लांबी लागते, आणि काठाशी फुटणारी लाट तुला उभं राहायलाही वेळ देत नाही.

५. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाण्याची ओढ जास्त, अष्टमीच्या भांगाला कमी. नवीन काही करून पाहायचं असेल तर भांगाचे दिवस धरजो – समुद्र शांत असला की चूक कुठे झाली ते दिसतं.

६. जून ते सप्टेंबर गोव्याच्या समुद्राचं नावही काढायचं नाही. लाल झेंडा दिसला की जीवरक्षकाशी वाद घालायचा नाही – तो तिथे रोज उभा असतो, तू चार दिवसांची पाहुणी.

आता घरची तयारी. हे मी मुद्दाम आधी लिहितो, कारण वर्षातले अकरा महिने तू अमरावतीत असणार. आणि समुद्र नाही म्हणून रडायचं काही कारण नाही. आपल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ ची, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथल्या पथकाने परदेशी लोकांसमोर देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली. मल्लखांबावर आणि दोरीवर वाढलेल्या गावातली पोरगी तू. कंबर पिळायची, खांदा आधी फिरवायचा, मांडीत बळ ठेवायचं, हे किनाऱ्यावरच्या पोट्ट्यांना वेगळं शिकावं लागतं.

७. दोरीचा मल्लखांब सोडला असशील तर पुन्हा धरजो – तिथे डोकं आणि खांदा वळला नाही तर आढी बसतच नाही, आणि लाटेवर हीच शिस्त लागते.

८. रोज खोल बैठका काढजो, पण टाचा जमिनीवर आणि पाठ सरळ ठेवून – लाटेवर गुडघ्यात वाकायचं असतं, कमरेत नाही. कमरेत वाकलीस की डोकं पुढे जातं, आणि डोक्यामागोमाग तूही. ज्याचा गुडघा ताठ, त्याची पाण्याशी गाठ.

९. सर्फस्केट नावाची चाकांची फळी मिळते, तिचा पुढचा भाग पायाच्या झुकण्याने वळतो. सकाळी मोकळ्या काँक्रीटवर तिच्यावर आठाचे आकडे काढजो, हेल्मेट आणि गुडघ्याच्या गाद्या घालूनच – पाणी माफ करतं, राजकमल चौकातला रस्ता करत नाही.

१०. पोहणं सोडू नको, आठवड्यातून दोनदा तरी तलावात जाजो – खांदे दमले की लाट उशिरा पकडली जाते, आणि उशिरा पकडलेल्या लाटेवर वळायला जागाच उरत नाही.

११. आणि व्हिडिओ पाहायचेच तर एकच माणूस, एकच वळण, सावकाश गतीने, आणि त्याच्या पायाकडे न पाहता डोक्याकडे पाह्यजो – बोर्ड वळायच्या कितीतरी आधी त्याची मान वळलेली दिसेल.

बोर्डाचं थोडक्यात.

१२. आठ फुटी फोमचा बोर्ड इतक्यात सोडू नको, कोणी कितीही हसो – छोटा बोर्ड चपळ असतो खरा, पण त्यावर लाटा कमी मिळतात, आणि वळण लाटांच्या हिशेबानेच येतं. मोठ्या बोर्डावर शिकतो तो छोट्यावर नाचतो.

१३. तीन फिनचा बोर्ड मागून घेजो – वळताना बोर्डाच्या पोटाखालचे हे फिन पाणी धरून ठेवतात म्हणून शेपटी घसरत नाही. पूर्वी एक किंवा दोन फिन असायचे. १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सायमन अँडरसनने तीन फिनच्या बोर्डावर बेल्स बीचची स्पर्धा जिंकली आणि मग सगळं जग तिकडे वळलं.

१४. लीश, म्हणजे बोर्डाची दोरी, मागच्या पायाच्या घोट्याला, आणि प्रत्येक वेळी आत जाण्याआधी तिची गाठ आणि वेल्क्रो ओढून पाह्यजो – सुटलेला बोर्ड तुझ्यापेक्षा जास्त मागच्या पोराला लागतो.

आता लाटेवर. तुझा डावा पाय पुढे असतो हे व्हिडिओत पाहिलं, म्हणून त्याच हिशेबाने लिहितो. उजव्या लाटेवर तुझं तोंड लाटेकडे असेल, डाव्या लाटेवर पाठ.

१५. सरळ खाली उतरायची सवय मोड. लाट पकडतानाच बोर्डाचं नाक थोडं तिरकं ठेवजो, ज्या बाजूला जायचं त्या बाजूला – आश्वे, मांद्र्याच्या लाटा बऱ्याचदा कमरेएवढ्या, सरळ उतरलीस की फेसच गाठीला.

१६. उठताना हात छातीजवळ, डोळे वर – बोर्डाकडे पाहिलंस तर बोर्डावरच पडशील.

१७. उठल्यावर मागचा पाय पाहायची गरज नाही, पण तो कुठे आहे हे ठाऊक हवं. वळायचं तर तो मागे, फिनच्या वर हवा – बोर्डाच्या मध्यावर उभं राहून कितीही झुकलं तरी मोठा बोर्ड नाही ऐकत. मागला पाय कारभारी, पुढला पाय पाहुणा.

१८. वळणाआधी वेग. लाटेच्या वरच्या भागात, फुटणाऱ्या टोकाच्या जवळ रहा, आणि पुढच्या पायावर भार देऊन गुडघे दाबत-सोडत जाजो – लाटेची ताकद तिथेच असते, पुढच्या सपाट भागात नसते. वेग नाही तर वळण कशाचं, नुसता हातवारा.

१९. बॉटम टर्न आधी पक्का कर, बाकी सगळी वळणं त्याच्या मागून येतात – लाटेच्या पायथ्याशी तू जितकी छान वळशील तितकी वर जायला वाट मिळेल. टॉप टर्न नीट होत नाही म्हणून पोट्टे रडतात, पण बिघाड वर नसतो, खाली असतो.

या बॉटम टर्नवर मी थोडा रेंगाळतो, कारण इथेच सगळे घाई करतात. उतरताना गुडघ्यात खाली जा, अगदी खाली. पायथ्याशी पोचता पोचता उजव्या लाटेवर पायाच्या बोटांवर भार घे, उजवा हात पाण्याच्या जवळ ने, आणि डोळे वर लाटेच्या माथ्यावरच्या एका जागेवर लाव. शेतात डवरा वळवताना तुझे आजोबा काय करायचे आठव. बैल धुऱ्यावर पोचायच्या आधीच त्यांची नजर पुढच्या तासावर गेलेली असायची, आणि धुऱ्यावर पोचून विचार करणाऱ्याचा डवरा हमखास कपाशीवर चढायचा. लाटेवरही पायथ्याशी पोचून विचार करायला वेळ नसतो. नजर वळली की अर्धं वळण झालं. मग डावा हात त्याच जागेकडे जातो, त्यामागून खांदा, खांद्यामागून कंबर, आणि आता, शेवटी, मागच्या पायाने बोर्डाची आतली कड पाण्यात दाबायची. तुला वाटेल की तू काहीच केलं नाहीस. तसंच वाटायला हवं.

२०. फार लवकर वळलीस तर लाटेच्या पाठीमागून बाहेर पडशील, फार उशिरा वळलीस तर सपाट पाण्यात वेग मरेल – मधली जागा लाटेगणिक बदलते, म्हणून ती मोजायची नाही, पायाला ओळखू द्यायची.

२१. कड दाबताना धसमुसळेपणा नको, हळूहळू दाब वाढव – एकदम दाबलीस की फिन पाणी सोडतात आणि तू फिरकी घेऊन आपटतेस. सावकाश दाबेल तो दूर जाईल.

२२. वाकणं आणि ताठ होणं यांचा खेळ ओळख. पायथ्याशी वाकायचं, वर चढताना पाय सोडायचे, माथ्यावर अंग हलकं करायचं – बोर्डावरचा भार कमी झाला त्याच क्षणी तो सहज फिरतो. हे समजलं की ताकद लावायची हौस आपोआप कमी होते.

२३. डाव्या लाटेवर लाट तुझ्या पाठीकडे, म्हणून भार टाचांवर. इथे मान जास्त वळवावी लागते, डाव्या खांद्यावरून वर पाहजो आणि तो खांदा उघडजो – न पाहता वळायला गेलीस तर ढुंगण बाहेर निघतं आणि बोर्ड सरळच जातो. आरशासमोर एकदा करून पाह्य, हसू येईल.

२४. टॉप टर्नला माथ्यावर पोचायची वाट पाहू नको. माथ्याच्या हातभर खाली असतानाच डोळे पुन्हा पायथ्याकडे ने – वर पोचून मग पाहिलंस तर लाट तुला मागे टाकून जाते.

२५. उजव्या लाटेवर टॉप टर्नला डावा हात किनाऱ्याकडे उघड, भार टाचांवर घे आणि मागच्या पायाने ढकल – पण ढकलणं शेवटी. खांदा फिरला की कंबर येते, कंबर आली की बोर्ड जातो कुठे!

२६. माथा फुटतो तिथेच वळायचा हट्ट इतक्यात नको – फुटत्या माथ्याचा झटका अंगावर येतो. आधी लाटेच्या मोकळ्या भिंतीवर दहा वळणं सुरेख काढ, माथा कुठे पळून जात नाही.

२७. खूप पुढे निघून आलीस, लाट मऊ पडली, मागे फेस राहिला, की कटबॅक. मागे वळून फेसाकडे पाह्यजो आणि नजर तिथून हलवू नको – बोर्ड परत ताकदीच्या जागी न्यायचा म्हणूनच हे वळण आहे. लोक ते दिसायला छान म्हणून मारतात आणि मग मऊ लाटेवर उभे राहतात.

२८. कटबॅक अर्धवट सोडू नको, गुडघे शेवटपर्यंत वाकलेले ठेव – उभी राहिलीस की वेग जातो, आणि फेसाला टेकून पुन्हा उजवीकडे फिरायचं राहून जातं. पुरा झाला तर बोर्डाची वाट पाण्यावर आडव्या इंग्रजी आठाची होते.

२९. हात वळणाच्या दिशेने जाऊ दे, पण फेकू नको – फेकलेला हात तोल मागतो, आणि तो तोल मग पाठीला द्यावा लागतो.

३०. एका लाटेवर दोनच वळणं, पण पुरी. तिसरं जमेल असं वाटलं तरी पहिले काही दिवस नको – गर्दी केलेली वळणं एकही धड होत नाहीत. मोठ्या स्पर्धांतही परीक्षक वेग, ताकद आणि ओघ पाहतात, नुसती संख्या नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये महाबलीपुरमच्या आशियाई स्पर्धेत आपल्या रमेश बुदिहाळने कांस्य मिळवलं. त्याच्या लाटा शोधून पाह्यजो. घाई कुठे दिसते का ते मला कळव.

पडणं आणि वागणं. यावर भाषण देणार नाही, पण एवढं ऐक.

३१. पडायचं तर बोर्डापासून दूर, सपाट, पाठीवर किंवा कुशीवर, डोक्यावर कधीच नाही – गोव्याच्या वाळूपट्टीवर पाणी वाटतं त्यापेक्षा उथळ असतं.

३२. वर येताना दोन्ही हातांनी डोकं झाक आणि मगच डोळे उघड – तुझा बोर्ड लीशच्या ताणाने परत येत असतो, आणि त्याला तुझा पत्ता पाठ असतो.

३३. लाटेच्या आणि तुझ्या मध्ये बोर्ड कधीच आडवा धरू नको, बाजूला धरजो – लाट आली की तो थेट छातीत बसतो.

३४. फुटत्या टोकाच्या सर्वात जवळ जो, लाट त्याची. त्याच्यासमोर उतरू नको, मामाची भाची असलीस तरी – दोन बोर्ड एका लाटेवर वळायला लागले की कोणाचंच वळण होत नाही, टाके मात्र दोघांना पडतात.

३५. ओढ लागली, काठ दूर जाऊ लागला, तर काठाकडे हात मारू नको. बोर्ड न सोडता किनाऱ्याला समांतर जा, ओढीच्या बाहेर पडलीस की मग काठाकडे – ओढ पट्ट्यासारखी अरुंद असते, तिच्याशी भांडायचं नसतं, तिच्यातून बाजूला व्हायचं असतं.

३६. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्ये लोक पोहतात, तिथे बोर्ड नेऊ नको. आणि रापण ओढत असतील तर जाळ्याच्या आसपासही फिरकू नको, उलट हात लाव दोरीला – समुद्र आधी त्यांचा आहे. लाट कुठून उठेल हे त्यांच्याइतकं कोणी सांगत नाही, आणि दोरी ओढलेल्या पोरीला ते सांगतात.

३७. मोरजीला कासवांची घरटी कुंपण घालून राखलेली असतात, तिथून बोर्ड ओढत नेऊ नको – हे वेगळं सांगायला लागू नये.

३८. उतरायच्या दोन तास आधी पोटभर खाऊ नको – बोर्डावर पालथं पडून हात मारायचे असतात, खाल्लेलं सगळं दाबून वर येतं. गिला वडा घरी आल्यावर.

३९. दमलीस की बाहेर ये, 'एकच शेवटची' म्हणू नको – दमलेला गुडघा वाकत नाही, आणि ती लाट तुला वाईट सवय शिकवून जाते. पुढच्या वेळी ती सवय मोडायला दोन दिवस लागतात.

४०. बाहेर आल्यावर अंग वाळायच्या आत वहीत दोन ओळी लिहजो: कुठली लाट, नजर कुठे होती, मागचा पाय कुठे होता – दुसऱ्या दिवशी फक्त पडलेलं आठवतं, का पडलो ते आठवत नाही.

४१. गोव्याला जाताना रेल्वेत मोठा बोर्ड घेऊन चढायचा उत्साह दाखवू नको, तिथेच भाड्याने घेजो – डब्यातल्या लोकांशी वाद घालण्यात जेवढी ताकद जाते तेवढीच वळणाला लागते.

४२. आणि पुढेमागे स्वतःचा बोर्ड घेतलासच, तर तो मे महिन्यात अकोल्याला माझ्याकडे आणून गच्चीवर ठेवायचा नाही – आपल्या उन्हात वॅक्स वितळून खाली सांडतं, बोर्डाची कातडी फुगून सुटते आणि तो पुन्हा कधी पाण्यात सरळ जात नाही. पलंगाखाली ठेवजो. पलंगाखाली जागा नाही असं तुझी आई म्हणेल. तिचे ते लग्नातले दोन ट्रंक उघडून पाह्य, आत काय आहे ते तिलाही माहीत नाही. मी बोलतो ताईशी.

मामा